वापरलेल्या मोटारींचा लिलाव

वापरलेल्या मोटारींचा लिलाव म्हणजे जुनी मोटार जाहीर बोलीद्वारे सर्वाधिक किंमत देणाऱ्यास विकण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात बँका व वित्तसंस्था, विमा कंपन्या, शासकीय कार्यालये, पोलीस आणि भाड्याने वाहने देणाऱ्या कंपन्या या पद्धतीने वाहने विकतात. लिलावास येणाऱ्या अनेक मोटारी एक लाख किलोमीटरहून अधिक धावलेल्या असतात; बोलभाषेत या धावेस ‘रनिंग’ म्हणतात. लिलावातील किंमत खुल्या बाजारापेक्षा बहुधा कमी असते, मात्र त्याचे कारण केवळ जास्त रनिंग हे नसते. मोटार चालवून पाहण्याची संधी नसते, दुरुस्तीची हमी नसते आणि कागदपत्रे पुरी करण्याचे काम बव्हंशी खरेदीदारावर पडते. ही जोखीम बोलीच्या किमतीतून वजा झालेली असते.

पार्श्वभूमी

भारतात १९८० च्या दशकापर्यंत नवी मोटार मिळण्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी फियाट (पुढील काळातील प्रीमियर पद्मिनी) किंवा अॅम्बॅसडर या मोटारींना वापरलेल्या स्थितीतही चांगली किंमत येत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि १९९१ नंतरच्या उदारीकरणात वाहनकर्ज सुलभ झाले. मोटारींची संख्या वाढली, तशी कर्जाचे हप्ते थकल्याने ताब्यात घेतलेल्या मोटारींचीही संख्या वाढली. आजच्या लिलावांचा मोठा भाग या ‘ओढून आणलेल्या’ मोटारींचा असतो.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस पुणे रस्त्यावर वाळूज औद्योगिक वसाहत आहे. तेथील बजाज ऑटोच्या कारखान्यात १९८५ साली उत्पादन सुरू झाले. बजाजनगर ही या वसाहतीलगतची प्रामुख्याने कामगारांची निवासी वस्ती होय. वाळूज येथे दुचाकी व तीनचाकी वाहने तयार होतात, तर शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावरील शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारींची जुळणी २००१ साली सुरू झाली. अशा वस्तीतील पगारदार कुटुंबाची पहिली मोटार पुष्कळदा वापरलेलीच असते. ती कधी ओळखीच्या माणसाकडून, कधी दलालाकडून, तर कधी लिलावातून येते. या तीन मार्गांपैकी लिलावात विक्रेत्याशी प्रत्यक्ष बोलण्याची संधी सर्वांत कमी असते.

लिलावांचे प्रकार

कर्जथकबाकीचे लिलाव : हप्ते थकल्यावर बँक किंवा वित्तसंस्था करारानुसार मोटारीचा ताबा घेते व ती यार्डात ठेवून विकते. लिलाव यार्डात प्रत्यक्ष बोली लावून किंवा संगणकीय पद्धतीने होतो.

शासकीय लिलाव : कार्यालयाने निर्लेखित केलेली, म्हणजे वापरातून अधिकृतपणे काढून टाकलेली वाहने यात असतात. केंद्र शासनाची एमएसटीसी ही १९६४ साली स्थापन झालेली कंपनी असे ई-लिलाव घेते. कर थकल्यामुळे परिवहन कार्यालयाने अटकावून ठेवलेली वाहनेही लिलावात निघतात.

पोलिसांकडील वाहनांचे लिलाव : बेवारस किंवा गुन्ह्यातील मुद्देमाल म्हणून पडून असलेली वाहने विहित आदेशानंतर विकली जातात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांच्या आवारात वाहने दीर्घकाळ कुजत ठेवू नयेत, असे स्पष्ट केले. मालक, विमा कंपनी किंवा अन्य कोणी हक्क सांगितला नाही, तर न्यायालयाच्या आदेशाने वाहनाचा लिलाव करता येतो, असेही त्यात नमूद आहे. १ जुलै २०२४ पासून यासंबंधीच्या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ व ५०४ मध्ये आहेत.

विमा कंपन्यांचे लिलाव : दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर मोटार सामान्यतः ‘टोटल लॉस’ धरली जाते आणि तिचा सांगाडा विकला जातो. अपघातग्रस्त व पुरात बुडालेल्या मोटारी या वाटेने पुन्हा बाजारात येतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. जुनी मोटार घेताना ती पुरातील तर नाही ना, हे पाहणे तेव्हापासून अधिकच महत्त्वाचे मानले जाऊ लागले.

ताफ्यातील वाहनांचे लिलाव : टॅक्सी सेवा, कंपन्यांची कर्मचारी वाहतूक व भाडेपट्ट्यावरील मोटारी ठरावीक वर्षांनी बदलल्या जातात. सर्वाधिक रनिंग याच गटात आढळते. परवान्यावर चाललेली मोटार खासगी वापरासाठी घेताना तिची नोंदणी व कर यांत बदल करून घ्यावा लागतो.

प्रक्रिया व विक्रीच्या अटी

लिलावाची सूचना वृत्तपत्रात किंवा लिलाव संस्थेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. इच्छुकाने ओळखपत्रे देऊन नाव नोंदवायचे व बयाणा रक्कम भरायची असते. ठरवून दिलेल्या दिवशी यार्डात मोटारीची पाहणी करता येते. बॅटरी उतरलेली नसल्यास इंजिन सुरू करून दाखवले जाते, मात्र मोटार रस्त्यावर चालवू देण्याची प्रथा नाही. सर्वोच्च बोली राखीव किमतीपेक्षा कमी असल्यास विक्रेता ती नाकारू शकतो. बोली मंजूर झाल्यावर उर्वरित रक्कम मुदतीत भरली नाही, तर अटींनुसार बयाणा जप्त होतो. मोटार वेळेत उचलली नाही, तर यार्डाचे दैनिक भाडे सुरू होते.

विक्री जवळजवळ नेहमीच ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर होते. मोटारीत नंतर आढळलेल्या दोषाबद्दल विक्रेता जबाबदार नसतो, असा या अटीचा व्यवहारातील अर्थ आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडताच किंवा रूढ पद्धतीने घोषणा होताच विक्री पूर्ण होते. त्यापूर्वी बोलीदारास बोली मागे घेता येते. ई-लिलावात मात्र बोली मागे घेण्याविषयी नोंदणीच्या वेळी मान्य केलेल्या अटी पाहाव्या लागतात. विक्रेता स्वतः बोली लावणार असल्यास तसे आधी जाहीर करणे आवश्यक असते. किंमत फुगवण्यासाठी खोट्या बोली लावल्यास खरेदीदारास व्यवहार रद्द ठरवून घेता येतो.

किंमत कमी असण्याची कारणे

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेतले. मोटारीचा दोष विक्रेत्यास ठाऊक असतो, खरेदीदारास नसतो. त्यामुळे खरेदीदार प्रत्येक मोटारीकडे संशयाने पाहतो व सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या मोटारींचे मालक विकण्यास तयार होत नाहीत आणि बाजारात सदोष मोटारींचे प्रमाण वाढते. माहितीच्या या विषमतेवरील संशोधनासाठी अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्जथकबाकीच्या लिलावात ही स्थिती थोडी निराळी असते. मोटार ज्याने वापरली तो माणूस व्यवहारात नसतो आणि ती विकणाऱ्या बँकेलाही तिचे गुणदोष ठाऊक नसतात. अशा लिलावात दोन्ही पक्ष अंधारात असतात. यातूनच ‘विजेत्याचा शाप’ या नावाने ओळखली जाणारी घटना घडते. अनेक बोलीदारांनी एकाच वस्तूचे मूल्य अंदाजाने ठरवले असता ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो तोच जिंकतो, म्हणून जिंकणाऱ्याने वाजवीपेक्षा जास्त किंमत दिलेली असण्याचा संभव असतो. पाहणीनंतर व बोलीपूर्वी कमाल किंमत कागदावर लिहून ठेवणे आणि ती न ओलांडणे, हा यावरचा सोपा उपाय होय.

जपानमध्ये लिलावगृहे स्वतंत्र तपासनिसांकडून प्रत्येक मोटारीची श्रेणी ठरवून घेतात व दोषांचा आलेख असलेले तपासणीपत्रक बोलीपूर्वी उपलब्ध करतात. भारतातील काही लिलाव संस्थाही तपासणी अहवाल देतात, परंतु अहवालातील मजकुराची हमी अटींमध्ये बहुधा नाकारलेली असते.

रनिंगचा अर्थ

किलोमीटरचा आकडा हा झिजेचा केवळ एक निर्देशक आहे. महामार्गावर एकसारख्या वेगाने दीड लाख किलोमीटर धावलेल्या मोटारीचे इंजिन व क्लच शहरातील गर्दीत ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या मोटारीपेक्षा सुस्थितीत असू शकतात. शहरात इंजिन थंड स्थितीत वारंवार सुरू होते, क्लच व ब्रेक सतत वापरले जातात आणि इंजिन उभ्या मोटारीतही चालू राहते. ही झीज किलोमीटरमध्ये मोजली जात नाही. दीर्घकाळ यार्डात उभ्या असलेल्या मोटारीचेही नुकसान होते. टायर एका जागी दबतात, बॅटरी निकामी होते, ब्रेकच्या चकत्यांना गंज चढतो, इंधन खराब होते आणि उंदीर वायरी कुरतडतात.

आकडा खरा असेलच, असेही नसते. ‘मीटर मागे घेणे’ हा गैरप्रकार अंकीय मीटरमध्येही उपकरणाच्या साह्याने केला जातो. अमेरिकेत १९७२ च्या संघीय कायद्याने मीटरमधील फेरफारास मनाई आहे. भारतात मोटारीचे रनिंग जाणूनबुजून लपवून केलेली विक्री भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मधील कपटाच्या व्याख्येत येऊ शकते. मात्र लिलावात असा फेरफार नेमका कोणी केला हे सिद्ध करणे अवघड असते.

पाहणीतील महत्त्वाच्या बाबी

चालवून पाहता येत नसल्याने उभ्या मोटारीवरूनच अनुमान करावे लागते. जाणकार मेकॅनिक सोबत असणे हा सर्वांत उपयुक्त उपाय मानला जातो. सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात.

• पेडलांचे रबर, स्टिअरिंगची चकाकी, गिअरची मूठ व चालकाची बैठक यांची झीज मीटरवरील आकड्याशी जुळते का. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या मोटारीचे पेडल गुळगुळीत असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

• टायरवरील चार अंकी खूण. पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवतात.

• सांगाडा क्रमांक (चासी नंबर) व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळतात का. खोडलेला किंवा नव्याने ठोकलेला क्रमांक आढळल्यास मोटार घेऊ नये.

• इंजिन ऑइलचे झाकण काढल्यावर आत दुधाळ थर आहे का. असा थर शीतकाचे पाणी तेलात मिसळल्याचे लक्षण असू शकते. इंजिन सुरू असताना निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर पाणी जळत असल्याचे सुचवतो.

• गालिच्याखालचा चिखल, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारे डाग, दिव्यांच्या काचांमागील ओल आणि बैठकीच्या रुळांवरील गंज. ही पुरातील मोटारीची चिन्हे होत.

• दारे, बॉनेट व डिकी यांच्या फटींची समानता आणि रंगाच्या छटेतील फरक. यांवरून अपघातानंतरची दुरुस्ती ओळखता येते.

टायमिंग पट्टा असलेल्या इंजिनात तो पट्टा उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर बदलावा लागतो. चालत्या इंजिनात तो तुटल्यास अनेक इंजिनांचे व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून मोठे नुकसान होते. पट्टा बदलल्याची नोंद नसेल, तर तो बदलायचा आहे असे धरून बोली ठरवणे इष्ट ठरते. जास्त रनिंगच्या डिझेल मोटारीत इंजेक्टर, टर्बोचार्जर व क्लच हे खर्चाचे मुख्य भाग असतात. अधिकृत सेवा केंद्राकडील दुरुस्तीची नोंद मिळाल्यास रनिंगची वाढ वर्षवार पडताळता येते.

मालकी हस्तांतरण

पैसे भरून मोटार घरी आणली, तरी परिवहन कार्यालयातील नोंद बदलेपर्यंत व्यवहार पुरा होत नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन अधिनियमाच्या प्रयोजनासाठी ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच वाहनाचा मालक समजला जाईल, असे म्हटले. त्या प्रकरणातील मोटार अनेक हातांतून गेली होती, परंतु अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावर आले. त्यामुळे नावबदल वेळेत होणे हे जुना मालक व नवा खरेदीदार या दोघांच्याही हिताचे असते.

हस्तांतरणाचा मार्ग लिलावाच्या प्रकारानुसार बदलतो. केंद्र किंवा राज्य शासनाने अथवा त्यांच्या वतीने घेतलेल्या जाहीर लिलावातील खरेदीदारास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ५७ नुसार ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ मध्ये अर्ज करावा लागतो. बँकेच्या लिलावास हा नमुना लागू होत नाही. तेथे नोंदणीकृत मालकाच्या सहीचे नमुना २९ व ३० उपलब्ध असावे लागतात. थकबाकीदार नोंदणी प्रमाणपत्र देण्यास नकार देत असेल किंवा फरार असेल, तर अधिनियमाच्या कलम ५१ नुसार वित्तसंस्था नमुना ३६ मध्ये अर्ज करते. परिवहन कार्यालय मूळ मालकास म्हणणे मांडण्याची संधी देऊन वित्तसंस्थेच्या नावे नवे प्रमाणपत्र देऊ शकते व त्यानंतर मोटार खरेदीदाराच्या नावे होते. या क्रमास वेळ लागतो. तोवर मोटार खरेदीदाराच्या दारात उभी असली, तरी नोंदीत ती दुसऱ्याचीच राहते.

नोंदणी प्रमाणपत्रावरील बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र लागते. बोजा, विमा व नोंदणीची वैधता यांची माहिती शासनाच्या एमपरिवहन अॅपवर पाहता येते. थकीत ई-चलनांची रक्कमही बोलीपूर्वी तपासावी लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे बंधनकारक आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या परिवहन कार्यालयाचा संकेतांक एमएच २० आहे. पुण्यात एमएच १२ या संकेतांकाखाली नोंदलेली मोटार बजाजनगरच्या रहिवाशाने घेतली, तर नाव व पत्ता बदलतो, क्रमांक तोच राहतो. परराज्यातील मोटारीसाठी मात्र मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ती बारा महिन्यांहून अधिक काळ राज्यात ठेवायची असल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो व येथील कर भरावा लागतो. दिल्ली व परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या निर्बंधांमुळे तेथील जुन्या मोटारी इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. त्यांची किंमत तुलनेने कमी असली, तरी नोंदणी व कराचा खर्च मिळवल्यावर हा फरक पुष्कळदा उरत नाही.

मालकी बदलल्यावर विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीस कळवावे, अशी अधिनियमाच्या कलम १५७ मध्ये तरतूद आहे. दावा न केल्याबद्दलची सवलत मोटारीबरोबर येत नाही; ती आधीच्या विमाधारकाची असते.

एकूण खर्च

बोलीची रक्कम म्हणजे मोटारीची किंमत नव्हे. पुढील आकडे केवळ हिशोबाची रीत दाखवण्यासाठी कल्पिलेले आहेत. एक लाख साठ हजार किलोमीटर धावलेली मोटार १,८०,००० रुपयांच्या बोलीने मिळाली असे समजल्यास त्यात लिलाव संस्थेचे शुल्क व त्यावरील कर ८,०००, मोटार वाहून आणणे ५,०००, टायर व बॅटरी २५,०००, क्लच, पट्टा व सर्व तेले ३०,०००, आणि विमा व नावबदल १५,००० असे मिळवावे लागतात. एकूण खर्च २,६३,००० रुपये, म्हणजे बोलीपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होतो. याच रकमेत खुल्या बाजारात चालवून पाहता येणारी मोटार मिळत असेल, तर लिलावातील स्वस्ताई केवळ दिसण्यापुरती ठरते.

नोंदणीकृत व्यावसायिकाने विकलेल्या जुन्या मोटारीवर नफ्याच्या रकमेवर वस्तू व सेवा कर आकारला जातो. १६ जानेवारी २०२५ पासून त्याचा दर सर्व प्रकारच्या जुन्या मोटारींसाठी १८ टक्के आहे. बोलीच्या रकमेत कर धरलेला आहे की तो निराळा आहे, हे लिलावाच्या अटींतून आधीच पाहावे लागते.

थकबाकीदाराचे हक्क

यार्डातील मोटारीमागे हप्ते भरू न शकलेले एक कुटुंब असते. मोटारीचा ताबा घेताना दंडेली करता येत नाही. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी बळाचा वापर करण्याच्या प्रथेवर कठोर ताशेरे ओढले. ताब्यापूर्वीची सूचना, विक्रीपूर्वी कर्ज फेडण्याची अखेरची संधी आणि विक्रीची पद्धत या बाबी कर्जकरारात स्पष्ट असाव्यात, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. लिलावाची रक्कम थकबाकीपेक्षा अधिक आल्यास वरकड रक्कम कर्जदारास परत मिळाली पाहिजे. कमी आल्यास उर्वरित कर्ज त्याच्याकडे येणे राहते. त्यामुळे मोटार गेली तरी कर्ज फिटतेच असे नाही. ही प्रक्रिया नीट पाळली गेली नसेल, तर कर्जदार न्यायालयात जाऊ शकतो व त्याचा परिणाम लिलावातील खरेदीदाराच्या नावबदलावर होऊ शकतो.

वयोमर्यादा व मोडीत काढणे

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. नंतर योग्यता तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करता येते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढील खासगी वाहनांवर पर्यावरण करही आहे. शासकीय मालकीच्या पंधरा वर्षांपुढील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही. ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्यावी लागतात. पूर्वी शासकीय लिलावातून जुनी जीप घेऊन ती वर्षानुवर्षे चालवण्याची जी पद्धत होती, तिला या नियमाने मर्यादा पडली. अशा लिलावाच्या जाहिरातीत वाहन ‘वापरण्यायोग्य’ म्हणून विकले जात आहे की ‘भंगार’ म्हणून, हा शब्द त्यामुळे निर्णायक ठरतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व छत्रपती संभाजीनगरच्या वाहनचालकांना दीर्घकाळ वेगाने मोटार चालवण्याची सोय झाली. टायर फुटून होणाऱ्या अपघातांमुळे परिवहन विभागाने २०२३ मध्ये या मार्गावर टायर तपासणीची मोहीम घेतली. झिजलेले किंवा बरेच जुने टायर अशा वेगात धोकादायक ठरतात. यार्डातून आणलेली मोटार महामार्गावर नेण्यापूर्वी तिचे टायर, ब्रेक व स्टिअरिंगचे सांधे तपासून घेणे हा लिलावातील खरेदीच्या खर्चाचाच अविभाज्य भाग मानला जातो.